तेजाबी ताम्रचित्रें, शिळाछाप व ठोकळे : वसईकडील संग्राहकांसाठीं

उत्तर कोंकणांतील जुनीं दप्तरें धुंडाळणाऱ्यांच्या हातीं कागदपत्रांबरोबर छापील देखावेहि लागतात. कोठें वसईच्या कोटांतील पडकें चर्च, कोठें मुंबईचें बंदर, कोठें साष्टींतील लेणीं. संग्रहाच्या वहींत त्यांपुढें ‘जुनें तांब्यावरील चित्र’ एवढीच नोंद असते, व ती पुष्कळदां चुकीची असते. छाप तांब्याचा, दगडाचा कीं जस्ताचा, आणि तांब्याचा असल्यास तो हत्यारानें कोरलेला कीं तेजाबानें खाल्लेला, यावर त्या चित्राचा पुराव्यापुरता भरंवसा किती धरावयाचा हें अवलंबून असतें. म्हणून या कृतींची थोडी फोड येथें करितों.

तेजाबी छापांत तांबें खोदण्याचें काम कारागीर करीत नाहीं. तें तेजाबाकडे सोंपविलेलें असतें. आरशासारख्या घासलेल्या पत्र्यास ऊन करून त्यावर मेण, राळ व खनिज डांबर यांचा पातळ लेप देतात आणि मेणबत्तीच्या काजळीनें तो काळा करितात. त्यावर सुईनें रेघ ओढली म्हणजे लेप निघून खालचें तांबें उघडें पडतें. मग कडेस मेणाचा बांध घालून त्यांत पाणी मिसळलेलें शोऱ्याचें तेजाब ओततात. लेपास तेजाब शिवत नाहीं, उघड्या रेघा मात्र तें खात जातें. द्रव निळसर हिरवा होतो, रेघांवर बुडबुडे धरतात, ते पिसानें झाडावे लागतात. दूरच्या डोंगराच्या रेघा फिक्या ठेवावयाच्या असल्यास तेजाब काढून त्या रोगणानें बुजवितात व जवळच्या भिंतींच्या रेघांस पुन्हां तेजाब पाजतात. शेवटीं लेप धुऊन पत्र्यास शाई चोपडतात, पृष्ठभाग पुसून घेतात, आणि ओलसर कागद वर ठेवून पत्रा दोन रुळांमधून दाबून काढतात. रेघांतील शाई कागद उचलून घेतो व पत्र्याच्या चारी कडांचा खोलगट ठसा त्यावर उमटतो. हा ठसा त्या चित्राचा शिक्का होय. चौकटींत नीट बसावें म्हणून तो कातरणें म्हणजे सनदेचा शिक्का कातरण्यासारखेंच आहे. दुर्दैवानें असे कातरलेले कागदच फार आढळतात.

युरोपांत ही कृति चिलखतांवर नक्षी करणाऱ्यांकडून चित्रकारांकडे आली. ड्यूररचीं १५१५ ते १५१८ च्या दरम्यानचीं तेजाबी चित्रें लोखंडी पत्र्यांवरचीं आहेत. तिचें वैशिष्ट्य असें कीं, मेणावर सुई बोरूसारखी मोकळी फिरते. म्हणून तेजाबी रेघ हस्ताक्षराच्या अगदीं जवळची असते. तिचीं टोंकें बोथट असतात. कोरणीची रेघ धातु कापीत पुढें जाते. ती ताठ असून टोंकास निमुळती होते. आपल्याकडील कोरीव कामाचा दाखला म्हणजे १८०५ सालीं मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयानें छापलेली गीता. तिचीं अक्षरें तांबटानें तांब्यावर उलटीं कोरलेलीं आहेत; तेथें तेजाबाचा संबंध नाहीं.

आमच्या भागास जवळचा चित्रकार जेम्स वेल्स. हा स्कॉटिश गृहस्थ १७९१ त मुंबईस आला, पुढें पुण्यास त्यानें सवाई माधवराव व नाना फडणीस यांचीं चित्रें काढिलीं, आणि १७९५ त ठाण्यास वारला. मुंबई बेट व भोंवतालचा प्रदेश यांचे त्यानें काढलेले बारा देखावे १८०० त प्रसिद्ध झाले. ते तेजाबी असून त्यांवरील रंग मागाहून हातानें भरलेले आहेत. वेरूळचे त्याचे देखावे मात्र १८०३ त टॉमस डॅनिएलच्या देखरेखीखालीं पत्र्यावर चढले, म्हणजे लेणें पाहणारा हात एक व पत्रा करणारा दुसरा. अशा वेळीं चित्राखालचीं बारीक अक्षरें वाचावीं. ‘डेलिनेअव्हिट’ म्हणजे रेखिलें, ‘स्कल्प्सिट’ म्हणजे कोरलें. दोहोंपुढें दोन नांवें असलीं तर साक्षीदारहि दोन समजावे.

पत्र्यावर जें सरळ काढावें तें कागदावर उलटें उमटतें. सावध चित्रकार आधींच उलटें रेखी; ज्यानें तसें केलें नाहीं त्याचा देखावा आरशांतला होतो. वसईपुरती परीक्षा सोपी आहे. खाडींतून कोटाकडे, म्हणजे उत्तरेस, तोंड केलें असतां मोकळा समुद्र डाव्या हातास येतो. चित्रांत तो उजवीकडे दिसल्यास चित्रकारानें ठिकाण पाहिलेंच नसावें असें लिहिण्यापूर्वीं कागद आरशासमोर धरावा.

डॉक्टर गर्सन द कुन्हा यांच्या चौल व वसईवरील १८७६ च्या ग्रंथांत सतरा छायाचित्रें, नऊ शिळाछाप व एक नकाशा आहे. ग्रंथांतून सुटलेलीं यांतील पानें ‘ताम्रचित्र’ म्हणून खपण्याचा संभव आहे. शिळाछापांत पत्र्याच्या कडेचा ठसा नसतो, व बोट फिरविलें तर शाई कागदावर सपाट लागते. ताम्रचित्राची रेघ किंचित् उंच लागते.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस याहून महत्त्वाचा प्रकार म्हणजे जुन्या नियतकालिकांतील मोडी पत्रांचे ठोकळे. तेहि तेजाबाचेच, पण उलट रीतीचे. पत्राचें प्रतिबिंब प्रकाशाच्या साह्यानें जस्तावर उतरवितात, अक्षरें राखतात आणि भोंवतालचें जस्त तेजाबानें खालीं घालवितात. येथें रेघ एक तर काळी असते किंवा नसते. फिकी अशी नसतेच. त्यामुळें बोरूंतील शाई कोठें संपत आली, कोठें पुन्हां बुडविला, मागाहून कोणी अक्षर घातलें काय, हें सर्व नाहींसें होतें. पुसट शिक्का एक तर डागासारखा होतो किंवा जातो. जाळीच्या ठोकळ्यांत छटा येतात, परंतु बारीक रेघा ठिपक्यांनीं तुटतात, व ती तुटलेली रेघ लेखकानें लेखणी उचलल्यासारखी भासते. म्हणून एखाद्या निवाडपत्राचा खरेपणा शाईवरून किंवा वळणावरून ठरवावयाचा असतां ठोकळा पुढें करूं नये. मूळ कागद तिरप्या उजेडांत पाहावा. तो नष्ट झाला असल्यास वाचनाच्या नोंदींत ‘ठोकळ्यावरून’ हा शब्द अवश्य घालावा.