समव्यावसायिकांचा चिंतनगट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दुसऱ्याचे दुःख, मृत्यू किंवा संताप ज्यांच्या रोजच्या कामाचाच भाग असतो, अशा एका पेशातील सहा ते बारा जणांनी ठरावीक दिवशी बसून कामातल्या एखाद्या प्रसंगाचा एकत्र विचार करणे म्हणजे चिंतनगट. ही पद्धत १९५०च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये घडली. मनोविश्लेषक मायकेल बालिंट आणि त्यांच्या पत्नी एनिड यांनी तिथे फॅमिली डॉक्टरांचे गट चालवले. मायकेल यांचे ‘द डॉक्टर, हिज पेशंट अँड द इलनेस’ हे पुस्तक १९५७ मध्ये आले आणि ‘बालिंट गट’ हे नाव रूढ झाले.

यवतमाळ जिल्ह्यात अशा गटांची गरज उघड आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्य सरकारने सुरू केलेल्या प्रेरणा प्रकल्पात आशाताई घरोघरी जाऊन निराशेने ग्रासलेली माणसे शोधतात. २०१७ मध्ये कपाशीवरील फवारणीतून विषबाधा झालेले शेकडो शेतकरी-शेतमजूर दवाखान्यांत दाखल झाले, वीसहून अधिक दगावले. मृतांचे आकडे छापून आले. त्यांच्या उशाशी रात्री काढणाऱ्या परिचारिकांच्या आणि निवासी डॉक्टरांच्या मनात काय साचले, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

या गटांविषयी सर्रास होणारा गैरसमज असा की, हे म्हणजे मन मोकळे करण्याच्या गप्पा. प्रत्यक्ष बैठक बरीच शिस्तीची असते. समजा, एक आशाताई सांगते : दोन आठवड्यांपूर्वी ज्या घरी प्रश्नावली भरली, त्याच घरच्या कर्त्या माणसाने विष घेतले. ‘मी विचारलं तेव्हा बरं आहे म्हणाले होते.’ त्या गल्लीतून जाणे ती आता टाळते. ती हे कागद न बघता, आठवेल तसे सांगते. इतर जणी फक्त माहितीपुरते प्रश्न विचारतात. मग ती खुर्ची थोडी मागे घेते आणि नुसती ऐकते. कोणी त्या माणसाच्या जागी उभी राहून बोलते : कर्जाचा विषय बायकोसमोर कसा काढणार? कोणी त्या बायकोच्या जागी : आधी विचारून गेली आणि आता फिरकतही नाही. ‘तुझी काही चूक नाही’ असे घाईने कोणी म्हणत नाही आणि सल्लाही देत नाही. शेवटी ती पुन्हा पुढे येते, वाटले तर बोलते. आपण त्या बाईला टाळतो आहोत, हे तिला कदाचित इथेच पहिल्यांदा उमगते. असे उमगणे हेच गटाचे खरे काम, आणि ते एकट्याने क्वचितच जमते.

मनाने कच्च्या लोकांनाच हे लागते, असेही समजले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणारा पराकोटीचा थकवा (बर्नआउट) ही कामाच्या ठिकाणाशी निगडित बाब म्हणून नोंदवली आणि तो आजार नसल्याचे स्पष्ट केले. बालिंट यांच्या गटांत बसणारेही आपली प्रॅक्टिस नीट चालवणारे डॉक्टर होते.

प्राथमिक आरोग्य केंद्रातली मासिक सभा हे काम करतेच, हा समजही टिकत नाही. तिथे उद्दिष्टे, रजिस्टर आणि अहवाल यांचा हिशेब होतो. ज्याच्या हातात आपला कामाचा शेरा आहे, त्याच्यासमोर ‘मी त्या घराला घाबरते’ असे कोणी सांगणार नाही. म्हणून गट चालवणारी व्यक्ती प्रशिक्षित हवी आणि सदस्यांची वरिष्ठ नसावी. गोपनीयतेचा प्रश्न तालुक्याच्या ठिकाणी अधिक अवघड असतो, कारण तिथे नाव वगळले तरी गाव आणि घटना यांवरून माणूस ओळखू येतो. त्यामुळे ओळख पटवणारे तपशील गाळावे लागतात. कोणाच्या जिवाला धोका असल्याचे दिसले, तर मात्र गोपनीयता बाजूला ठेवून तातडीने मदत मिळवायची असते.

मोठ्या दुर्घटनेनंतर एकदा सगळ्यांना बसवून बोलते केले की भागते, ही समजूत तर घातकही ठरू शकते. अशा एकाच सक्तीच्या बैठकीने पुढचा मानसिक त्रास टळतो, असे अभ्यासांत आढळले नाही. काहींत त्रास वाढल्याचेही दिसले. चिंतनगट ऐच्छिक असतो आणि महिनोन्‌महिने, अनेकदा वर्षानुवर्षे चालतो.

उलट, त्याच्याकडून भलत्या अपेक्षा ठेवणेही चूक. बालिंट गटांवरचे बरेचसे अभ्यास लहान आहेत. सहभागींचे समाधान आणि रुग्णाला समजून घेण्याची तयारी वाढल्याचे त्यांत दिसते, पण ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही. रिक्त पदे, थकलेला मोबदला, रात्रपाळ्यांचा ताण हे प्रश्न गटाने सुटत नाहीत; त्यांची जबाबदारी प्रशासनाचीच. गट म्हणजे उपचारही नव्हेत. सदस्याची झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याने मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे किंवा ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येते.