मसूर ते रुकडी

कोल्हापूरहून मिरजेकडे पॅसेंजर सुटली की वळिवडे मागे पडते, पंचगंगेचा पूल ओलांडला की रुकडी. एक्स्प्रेसने जाणारा बाबू या स्टेशनाकडे ढुंकूनही पाहत नाही. आमचे पक्षकार मात्र इथूनच कोर्टाच्या तारखेला येतात. कॉलेजची मुले, गवंडी, धुण्याभांड्याच्या बाया, सगळे इथलेच.

कोल्हापूर संस्थानची ही रेल्वे १८९१ साली सुरू झाली. बाबासाहेबांचे जन्मसालही तेच! आणि ज्या माणगावात २१ आणि २२ मार्च १९२० रोजी बहिष्कृतांची परिषद भरली, त्या माणगावला जवळचे स्टेशन हे रुकडीच.

पण त्याआधी मसूर आठवावे लागते. पुणे-मिरज मार्गावरचेच ते स्टेशन. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडा-भाचरांसह वडिलांना भेटायला निघाला आणि तिथे उतरला. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाडे ठरले, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे या अटीवर. तिकिटाने जात विचारली नाही, स्टेशनाबाहेरच्या बैलगाडीने विचारली. आगगाडीने जात मोडली म्हणणाऱ्या विद्वानांनी हा प्रसंग बाबासाहेबांच्याच लेखणीतून वाचावा.

त्याच मुलाच्या अध्यक्षतेखाली एकोणीस वर्षांनी माणगावची परिषद झाली आणि तुम्हाला तुमचा पुढारी लाभला, अशी ग्वाही खुद्द राजर्षी शाहू महाराजांनी दिली. गादीवरचा राजा अस्पृश्यांच्या सभेत येऊन हे बोलतो, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

आता भाड्याचे बोलू. २०२० मध्ये कोरोनात देशभरातल्या पॅसेंजर बंद झाल्या. पुन्हा धावल्या त्या एक्स्प्रेस स्पेशलच्या नावाने. किमान भाडे दहाचे तीस रुपये झाले. गाडी तीच, डबा तोच, थांबाही तोच! जाऊन-येऊन वीस रुपयांत भागणाऱ्या मजुराला साठ मोजावे लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही दरवाढ मागे घेतली गेली. तोवर कुणाच्या खिशातून हे पैसे गेले, याचा हिशेब रेल्वेला कुणी विचारला? आम्हीही विचारला नाही, हे कबूल करतो.

मसूर आणि रुकडी, दोन्ही फलाटांवर हा इतिहास मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा, अशी आमची मागणी आहे. त्याखाली पॅसेंजरचे भाडेही लिहावे.