व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर, भारी हेडफोन आणि मळ्यातली वीज

नारायणगाव, ओतूर, घोडेगावच्या मळ्यात राहणाऱ्याला गाणं ऐकायला लागणारी शांतता फुकट मिळते. रात्री नवानंतर पंखा बंद केला की तानपुऱ्याची जवारीसुद्धा सुटी ऐकू येते. इथे स्थिर वीज मात्र पैसे खर्चून मिळवावी लागते. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला या दोन्हींची गरज असते, म्हणून तो चालतो कसा हे विकत घेण्याआधी नीट समजून घ्यावं.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. तिच्या मधोमध कॅथोड असतो आणि त्याच्या पोटात हीटरची तार. तार तापून लाल झाली की कॅथोडवरच्या लेपातून इलेक्ट्रॉन सुटू लागतात. बाहेरच्या प्लेटवर शंभर ते तीनशे व्होल्टचा धन दाब असतो, त्यामुळे ते तिकडे धावतात. कॅथोड आणि प्लेट यांच्या मधे बारीक तारेचं वेटोळं असतं, त्याला ग्रिड म्हणतात. मोबाइल किंवा सीडी प्लेअरकडून आलेला गाण्याचा सिग्नल ग्रिडवर देतात. ग्रिडवरचा दाब जरासा हलला, तरी प्लेटकडे जाणारा प्रवाह बराच कमी-जास्त होतो. कुकडीच्या कालव्याचं दार चार बोटं उचललं की चारीला पाणी किती वाढतं, तसंच हे. दोन भागांचा व्हॉल्व्ह फ्लेमिंगने १९०४ मध्ये केला आणि ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये त्यात ग्रिड घातलं. आवाज मोठा करण्याचं सगळं शास्त्र त्या ग्रिडपासून सुरू झालं.

ॲम्प्लिफायरमध्ये पुढचा छोटा व्हॉल्व्ह, बहुतेक वेळा ईसीसी ८३ किंवा त्याचा भाऊबंद, सिग्नलचा दाब वाढवतो आणि मागचा मोठा व्हॉल्व्ह हेडफोनला प्रवाह पुरवतो. यात पहिल्या व्हॉल्व्हला फार जपावं लागतं. त्याने घातलेली खरखर पुढच्या प्रत्येक टप्प्यात गाण्याबरोबरच मोठी होते आणि नंतर ती वेगळी काढता येत नाही. हे तत्त्व पाहायचं तर खोडदला जावं. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातल्या अतिशय क्षीण रेडिओलहरी टिपतात. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडताना इथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी आहे, हे पाहिलं होतं. त्या अँटेनांवरचा पहिला ॲम्प्लिफायर खाली नियंत्रण कक्षात ठेवलेला नाही. तो वर, लहरी जिथे एकवटतात तिथेच बसवलेला आहे, म्हणजे केबलमध्ये सिग्नल दुबळा होण्याआधीच तो उचलला जातो. तिथे व्हॉल्व्ह नाहीत, ट्रान्झिस्टर आहेत. पण नियम तोच. म्हणून पैसे उरले तर पहिला व्हॉल्व्ह चांगला घ्यावा. तो पारखायची सोपी रीत आहे: आवाज कमी ठेवून काचेवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. हेडफोनमध्ये घंटेसारखा ‘टंग’ बराच वेळ घुमला, तर तो नग पहिल्या जागी लावू नका.

आता हेडफोन. माझ्या मते लोक सर्वांत जास्त फसतात ते इथे. व्हॉल्व्ह दाब भरपूर देतो, प्रवाह मात्र मोजकाच. सेन्हायझर एचडी ६०० किंवा ६५० हे ३०० ओहमचे हेडफोन आहेत. त्यांना एक मिलिवॉट द्यायला सुमारे ०.५५ व्होल्ट आणि दोन मिलिॲम्पिअरहून कमी प्रवाह पुरतो, आणि एवढ्यावर ते चांगले मोठ्याने वाजतात. तोच दाब ३२ ओहमच्या हेडफोनला दिला, तर ते सतरा मिलिॲम्पिअर ओढतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ॲम्प्लिफायरची तिथे दमछाक होते आणि ढोलकीची थाप पसरट वाजते. कमी ओहमचे हेडफोन असतील तर ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प्लिफायर घ्या. व्हॉल्व्हला समोर ५,००० ओहम हवेत आणि हेडफोन ३२ ओहमचा आहे, तर साडेबारास एक वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर दोघांचं जमवून देतो. कानात खुपसायचे नाजूक इअरफोन या ॲम्प्लिफायरला लावूच नयेत, कारण त्यांत व्हॉल्व्हची सगळी सूं-सूं ऐकू येते.

व्हॉल्व्हचा आवाज ‘गोड’ का लागतो, यालाही कारण आहे. एकट्या ट्रायोडच्या विकृतीत दुसरा हार्मोनिक जास्त असतो. म्हणजे मध्य षड्ज वाजला तर त्यात तार षड्ज किंचित मिसळतो, आणि तो सुरात असल्याने कानाला खुपत नाही. पण ही भर मूळ ध्वनिमुद्रणातली नव्हे. जसंच्या तसं ऐकायचं असेल, तर आजचा चांगला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर कमी पैशात जास्त स्वच्छ आवाज देतो. हे मान्य करूनही एकट्या गळ्याचं गाणं व्हॉल्व्हवर ऐकण्याचा आनंद मला खरा वाटतो.

राहिली वीज. हीटरला साधारणपणे ६.३ व्होल्ट लागतात आणि त्यात दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. डीपीवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या आणि घरातली वीज २३० वरून १८० वर आली, तर हीटरला ४.९ व्होल्टच मिळतात. कॅथोड पुरेसा तापत नाही, आवाज मरगळतो आणि असं रोज झालं तर व्हॉल्व्ह लवकर निकामी होतो. मोटारी बंद होऊन दाब २६० वर गेला की हीटर ७.१ व्होल्टवर जळू लागतो. रिलेचा स्वस्त स्टॅबिलायझर टप्प्याटप्प्याने दाब बदलतो आणि दर वेळी हेडफोनमध्ये ‘खट्’ होतं. सर्व्हो स्टॅबिलायझर महाग पडतो, पण काम करतो. लाइट जाऊन लगेच आली, तर बटण बंद करून दोन मिनिटं थांबा, मगच पुन्हा सुरू करा. हेडफोन डोक्यावर चढवायचा तो व्हॉल्व्ह तापल्यावर, मिनिटभराने.

अर्थिंगशिवाय हे यंत्र मुळीच चालवू नये. आतले दोन-तीनशे व्होल्ट प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतात, म्हणून झाकण उघडायचं काम जाणत्या कारागिरालाच द्या. ॲम्प्लिफायरची ऑर्डर देण्याआधी मल्टिमीटर आणा आणि आठवडाभर संध्याकाळी, मोटारी चालू असताना, घरातल्या सॉकेटचा दाब लिहून ठेवा. आकडा २०७ च्या खाली जात असेल, तर आधी स्टॅबिलायझर घ्या, ॲम्प्लिफायर नंतर.