जुने संगणक हार्डवेअर आणि नवी संचालन प्रणाली

जुने हार्डवेअर नव्या संचालन प्रणालीवर चालवणे म्हणजे संगणक, प्रिंटर, स्कॅनर, विस्तार कार्ड किंवा मापन उपकरण त्याच्या निर्मितीनंतर आलेल्या संचालन प्रणालीशी जोडून वापरात ठेवणे. अशी पुष्कळशी उपकरणे बिघडलेली नसतात. उपकरण आणि संचालन प्रणाली यांच्यातील दुवा असलेली ड्रायव्हर ही आज्ञावली तेवढी कालबाह्य झालेली असते. त्यामुळे ‘यंत्र जुने झाले’ असे म्हणून भंगारात काढलेल्या वस्तूंत चालू स्थितीतील वस्तूही बऱ्याच असतात. छापखाने, वजनकाटे आणि लहान कार्यालये यांना या प्रश्नाची झळ विशेष बसते, कारण तेथे संगणक बदलला तरी त्याला जोडलेले महागडे उपकरण बदलणे परवडत नाही.

ड्रायव्हर आणि सुसंगतता

डॉस आणि विंडोज ९५ किंवा ९८ यांच्या काळात एखादी आज्ञावली संगणकाच्या पोर्टशी थेट व्यवहार करू शकत असे. विंडोज एनटी आणि तिच्या पायावर उभ्या असलेल्या विंडोज २०००, एक्सपी व पुढील सर्व आवृत्त्यांत ही मुभा राहिली नाही. पोर्टला हात लावण्याचा अधिकार केवळ संचालन प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, आणि त्यात बसवलेल्या ड्रायव्हरला राहिला. २००७ साली सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टाच्या ६४ बिट आवृत्तीने कर्नलमधील ड्रायव्हरवर अंकीय स्वाक्षरी असणे बंधनकारक केले. ज्या निर्मात्यांनी व्यवसाय बंद केला किंवा जुन्या उत्पादनात रस ठेवला नाही, त्यांच्या उपकरणांसाठी असा ड्रायव्हर कधी आलाच नाही.

३२ बिट ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही. ३२ बिट आज्ञावली बहुधा चालते, १६ बिट आज्ञावली मुळीच चालत नाही. यातून एक चमत्कारिक अडचण निर्माण होते. विंडोज ९५ च्या काळातील काही आज्ञावली स्वतः ३२ बिट असल्या, तरी त्यांची स्थापना करणारा इन्स्टॉलर मात्र १६ बिट असे. परिणामी चालू शकणारी आज्ञावलीही संगणकात उतरत नाही आणि दोष आज्ञावलीचाच मानला जातो. विंडोज ११ केवळ ६४ बिट स्वरूपात उपलब्ध असल्याने ३२ बिट विंडोज वापरण्याची पूर्वीची पळवाटही तेथे नाही.

जिस्ट कार्ड

मराठीच्या संदर्भात या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे जिस्ट कार्ड. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे हे तंत्र १९८० च्या दशकात कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित होऊ लागले. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक स्थापन झाल्यावर पुढील काम तेथे झाले. हे कार्ड संगणकाच्या आयएसए खाचेत बसवले जाई. ते बसवल्यावर डीबेस किंवा लोटस १-२-३ यांसारख्या, मुळात केवळ रोमन लिपी जाणणाऱ्या डॉस आज्ञावलींतही देवनागरी मजकूर भरता व पाहता येई. मूळ आज्ञावलीत बदल करण्याची गरज नसे, कारण लिपीचे सर्व काम कार्डच करत असे.

नेमकी हीच सोय पुढे अडचण ठरली. २००० नंतरच्या काही वर्षांत साध्या संगणकांतून आयएसए खाच नाहीशी झाली आणि कार्ड बसवायला जागाच उरली नाही. आज डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरमध्ये जुना डीबेस चालतो, पण कार्डाअभावी पडद्यावर देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. म्हणून येथे कार्ड वाचवण्यापेक्षा विदा वाचवणे अधिक शहाणपणाचे.

ते शक्यही आहे. जिस्टचा मजकूर इस्की या आठ बिटांच्या संकेतांत साठवला जाई. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये तो आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाणित केला. युनिकोडमधील देवनागरी विभागाची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे. इस्कीत अक्षराच्या आकाराला नव्हे, तर वर्णाला संकेत असल्याने इस्कीतून युनिकोडमध्ये रूपांतर बऱ्याच अंशी सरळ होते. याउलट डीटीपीच्या काळातील फॉन्टवर आधारित धारिकांत काना, वेलांटी, अर्धे अक्षर अशा तुकड्यांना संकेत असतात आणि ते फॉन्टागणिक बदलतात. अशा धारिकेसाठी त्या त्या फॉन्टची स्वतंत्र तक्ता-जुळणी करावी लागते. जिस्टबरोबर रुळलेला इनस्क्रिप्ट कळफलक मात्र विंडोज आणि लिनक्स या दोन्हींत आजही जसाच्या तसा मिळतो.

पॅरलल पोर्ट आणि हार्डवेअर कुलूप

डीटीपी व हिशेबाच्या अनेक जुन्या आज्ञावलींबरोबर पॅरलल पोर्टला लावायचे लहानसे कुलूप, म्हणजे डाँगल, येत असे. डाँगल दिसल्याशिवाय आज्ञावली सुरू होत नसे. नव्या संगणकांवर हा पोर्ट नसल्याने बाजारात मिळणारी यूएसबी-पॅरलल केबल लावून पाहिली जाते, परंतु तिचा येथे सहसा उपयोग होत नाही. ही केबल संगणकाला केवळ ‘एक प्रिंटर’ म्हणून दिसते, तर डाँगल शोधणारी आज्ञावली पोर्टच्या ठरावीक पत्त्यावर चौकशी करते. पीसीआय एक्स्प्रेस खाचेत बसणारे पॅरलल कार्ड तुलनेने बरे, तरी त्याचा पत्ताही पारंपरिक पत्त्याहून वेगळा असल्याने यशाची खात्री देता येत नाही.

वजनकाटा आणि सिरियल पोर्ट

चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्यात गडचांदूर आणि त्याच्या आसपास आवारपूर, उपरवाही येथे मोठे सिमेंट कारखाने आहेत, तर जिल्ह्याच्या अनेक भागांत कोळशाच्या खाणी आहेत. सिमेंट, कोळसा, चुनखडी अशा मालाची वाहतूक जेथे ट्रकने होते, तेथे वजनकाटा अपरिहार्य असतो. काट्याच्या फलाटाखालील लोडसेलचा संकेत इंडिकेटर या पेटीत जातो, तेथे वजनाचा आकडा दिसतो आणि तोच आकडा आरएस-२३२ या सिरियल जोडणीने संगणकाकडे पाठवला जातो. रिकाम्या व भरलेल्या गाडीच्या वजनातील फरक हे मालाचे निव्वळ वजन. वाहतूकदाराचे भाडे आणि मालाचे बिल या दोन्हींचा आधार ती पावती असल्याने संगणक बदलल्यावर काटा ‘बोलेनासा’ झाला की फाटकावर गाड्यांची रांग लागते.

अशा वेळी इंडिकेटर बदलणे हा सोपा उपाय वाटतो, पण तो सोपा नाही. व्यापारासाठी वापरला जाणारा काटा वैध मापन यंत्रणेकडून पडताळून मुद्रांकित केलेला असावा लागतो आणि मोजमापाचा भाग बदलला की पुन्हा पडताळणी आली. इंडिकेटरला हात न लावता नवा संगणक त्याच्याशी जुळवून घेणे म्हणूनच श्रेयस्कर.

त्यासाठी यूएसबी-सिरियल परिवर्तक वापरतात. त्यातील चिप कोणती, यावर बहुतेक यशापयश अवलंबून असते. प्रोलिफिक कंपनीच्या पीएल २३०३ चिपच्या नकला बाजारात इतक्या पसरल्या, की कंपनीने नव्या विंडोजसाठीच्या ड्रायव्हरमध्ये स्वतःच्या जुन्या चिपनाही आधार देणे थांबवले. त्यामुळे एक्सपीवर चाललेला परिवर्तक नव्या विंडोजवर दहा क्रमांकाची त्रुटी दाखवतो. २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीच्या ड्रायव्हरने तर नकली चिपमधील ओळखक्रमांकच पुसून टाकले होते. नकली माल आपण घेतला आहे याची ग्राहकाला सहसा कल्पनाही नसते, हे येथे लक्षात घेण्याजोगे. यांतील अनेक परिवर्तक लिनक्सवर विनातक्रार चालतात, कारण तेथील ड्रायव्हर कंपनीने नव्हे तर कर्नलच्या विकासकांनी सांभाळलेला असतो.

परिवर्तक ओळखला गेल्यावरही दोन गोष्टी तपासाव्या लागतात. जुन्या वजन-आज्ञावली बहुधा कॉम १ किंवा कॉम २ एवढेच पोर्ट जाणतात, तर विंडोज नव्या परिवर्तकाला कॉम ७ सारखा क्रमांक देते. हा क्रमांक डिव्हाइस मॅनेजरमधून बदलता येतो. मात्र चिपला स्वतःचा अनुक्रमांक नसल्यास परिवर्तक दुसऱ्या यूएसबी खाचेत लावताच क्रमांक पुन्हा बदलतो, म्हणून खाच ठरवून तिच्यावर खूण करणे उपयोगी पडते. दुसरी गोष्ट म्हणजे बॉड दर, विदा बिट व पॅरिटी इंडिकेटरप्रमाणेच ठेवणे. बॉड दर चुकल्यास आकड्यांऐवजी कचरा अक्षरे दिसतात, आणि तार तुटलेली असल्यास काहीच दिसत नाही. या दोन लक्षणांतील फरक ओळखता आला तर निम्मे निदान झाले. आरएस-२३२ ऐवजी टीटीएल पातळीचा स्वस्त परिवर्तक मात्र लावू नये, कारण आरएस-२३२ चे व्होल्टेज त्याला पेलत नाही आणि तो जळू शकतो.

प्रिंटर

काट्याची पावती कार्बनच्या अनेक प्रतींत लागते. कागदावर आघात करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्यामुळे आजही टिकून आहे. त्याचा स्वतंत्र ड्रायव्हर नसला तरी विंडोजमधील ‘जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हरने रोमन लिपीतील पावती छापता येते. देवनागरी मात्र छापता येत नाही, कारण या पद्धतीत प्रिंटरच्या स्वतःच्या स्मृतीतील अक्षरेच उमटतात आणि देवनागरी तेथे सहसा नसते. एप्सनच्या इएससी/पी भाषेला अनुसरणाऱ्या प्रिंटरवर एप्सनच्या जवळच्या मॉडेलचा ड्रायव्हर लावल्यास मजकूर चित्ररूपाने जातो. छपाई मंदावते, पण मराठी उमटते.

लहान कार्यालयांत सर्वत्र दिसणाऱ्या लेझर प्रिंटरांची गोष्ट वेगळी आहे. किंमत कमी ठेवण्यासाठी त्यांच्यातील बरेचसे काम संगणकावर सोपवलेले असते. एचपी लेझरजेट १०२० ला तर प्रत्येक वेळी सुरू केल्यावर संगणकाकडूनच फर्मवेअर मिळावे लागते. लिनक्सवर त्यासाठी फू२झेडजेएस हा स्वतंत्र विकासकाने लिहिलेला ड्रायव्हर आहे. कॅनन एलबीपी २९०० हा कॅप्ट या कंपनीच्या खासगी पद्धतीवर चालतो आणि लिनक्सवर तो बसवणे आजही कटकटीचे आहे. जुन्या स्कॅनरसाठी लिनक्सवर सेन, तर विंडोजवर व्ह्यूस्कॅन ही सशुल्क आज्ञावली उपयोगी पडते.

संगणकच जुना असल्यास

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती ग्राहकांना विस्तारित सुरक्षा अद्यतने ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेण्याची सोय देण्यात आली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, यूईएफआय, ४ जीबी स्मृती आणि ठरावीक यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. अट चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत, परंतु अशा संगणकाला अद्यतने मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, लुबंटू किंवा डेबियन हे येथे अधिक टिकाऊ पर्याय ठरतात. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली बॉस ही डेबियनवर आधारित भारतीय प्रणालीही याच कुळातील आहे. ३२ बिट प्रोसेसर असल्यास निवड आक्रसते. डेबियनच्या २०२५ मधील १३ व्या आवृत्तीने ३२ बिट संगणकांवर नव्याने स्थापना करण्याची सोय काढून घेतली. बसवण्यापूर्वी यूएसबीवरून लाइव्ह पद्धतीने लिनक्स सुरू करून वायफाय, ध्वनी आणि प्रिंटर तपासता येतात, त्यात डिस्कवरील मजकुराला धक्का लागत नाही. जुनी फिरती डिस्क काढून एसएसडी बसवल्यास होणारा फरक नव्या प्रणालीने पडणाऱ्या फरकापेक्षाही बहुधा मोठा असतो.

जुन्या संगणकांत वारंवार आढळणारा एक क्षुल्लक दोषही नोंदवण्याजोगा आहे. मदरबोर्डवरील सीआर २०३२ बॅटरी संपली की संगणकाची तारीख मागे जाते आणि सुरक्षा प्रमाणपत्रांच्या मुदती जुळत नसल्याने संकेतस्थळे उघडत नाहीत. अनेकदा याचा ठपका नव्या संचालन प्रणालीवर ठेवला जातो.

जुनी प्रणाली जपून ठेवणे

काही उपकरणांना नवा ड्रायव्हर कोणत्याही मार्गाने मिळत नाही. यूएसबी उपकरण असल्यास व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आज्ञावलीत विंडोज एक्सपीचा आभासी संगणक उभारून ते त्याच्याकडे सोपवता येते. आयएसए किंवा पीसीआय खाचेतील कार्डाबाबत घरगुती संगणकावर हा मार्ग व्यवहार्य नाही. तेथे मूळ संगणकच मूळ प्रणालीसह राखावा लागतो. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला असल्याने असा संगणक इंटरनेटपासून तोडलेला असावा. त्याच्या डिस्कची संपूर्ण प्रतिमा आणि ड्रायव्हरच्या मूळ चकतीची प्रत वेगळी काढून ठेवावी. आयडीई पद्धतीची जुनी डिस्क बंद पडल्यावर तिच्या जागी तशीच डिस्क मिळणे आता दुर्मीळ झाले आहे.