*टोमॅटोची पिकअप ब्रेक मारल्यावर पुढे का झुकते?*



आज फवारणीचा नाही, गाडीचा सल्ला आहे. चांगला तोडलेला, निवडलेला माल मार्केटला पोचतो आणि पुढच्या कॅरेटमधला चेपलेला निघतो. दोष वाणाचा नसतो. जोरात ब्रेक लागला की गाडीचं नाक खाली जातं, मागची बाजू उचलते आणि सगळा माल केबिनकडे रेटला जातो. मालाचं सोडा, अशा वेळी मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी मागून घसरते.

हिशोब बघा. 20 किलोची 65 कॅरेट म्हणजे 1300 किलो. गाडीसकट 3000 किलो धरा. पुढच्या-मागच्या चाकांत 3 मीटर अंतर आणि सगळ्या वजनाचा मध्य जमिनीपासून 1 मीटर उंच. ताशी 54 ने चाललेली गाडी 3 सेकंदांत थांबवली तर जवळपास 500 किलो भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो. तीच गाडी 6 सेकंदांत थांबवली तर 250 किलो. पण 3 सेकंदांत 23 मीटर लागतात, 6 सेकंदांत 45. म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर आधीच ठेवायला लागतं, ऐनवेळी हळू ब्रेक मारता येत नाही.

थर वाढवून वजनाचा मध्य 20 सेंटीमीटर वर गेला तर 500 चे 600 किलो होतात. म्हणून जड माल खाली, हलका वर. कॅरेट केबिनच्या बाजूला घट्ट टेकवा, मध्ये फट नको, दोर आडवा-उभा दोन्ही बांधा. सगळं वजन पार मागच्या फाळक्याकडेही नको, त्याने स्टेअरिंग हलकं पडतं. फवारणीच्या पाण्याची टाकी नेताना पूर्ण भरा, नाहीतर रिकामी न्या. अर्धी टाकी सगळ्यात वाईट, ब्रेक लागला की पाणी पुढे धडकतं.

आता पाट्यांचं. जास्त माल बसावा म्हणून मागे वाढीव पाटा टाकायची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. मला ती पटत नाही. बऱ्याच पिकअपला मागच्या एक्सलजवळ दांडी जोडलेला व्हॉल्व्ह असतो. माल भरल्यावर गाडी मागे किती बसली यावरून तो मागच्या ब्रेकला जोर देतो. पाटा वाढवला की गाडी बसतच नाही, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. सगळं काम पुढच्या ब्रेकवर येतं, नाक आणखी खाली जातं. पाटा आधीच टाकला असेल तर मेकॅनिककडून ही दांडी कंपनीच्या मापाप्रमाणे तपासून घ्या. मागचे ब्रेक ढिले असतील तरी हाच त्रास होतो.

पुढचे शॉकअब गेले असतील तर गाडी धाडकन झुकते आणि थांबल्यावर दोन-तीन हेलकावे खाते. तेलाचा ओघळ दिसला तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. नवीन शॉकअबने झुकणं बंद होत नाही, पण झटका कमी होतो.

चालवताना: आधी ॲक्सिलरेटर सोडा, गिअर उतरवा, मग ब्रेक. गाडी थांबता थांबता शेवटच्या क्षणी पेडल थोडं सैल करा, शेवटचा हिसका बसत नाही (अडचणीत अचानक ब्रेक मारायची वेळ आली तर मात्र हे विसरा आणि पूर्ण दाबा). कसारा घाट उतरून वाशीला जाणाऱ्यांनी उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचवायला न्यूट्रल अजिबात नको. सारखा ब्रेक दाबून तो तापला की पकड जाते.

गाडी भाड्याची असेल तर हा मेसेज ड्रायव्हरदादांना फॉरवर्ड करा, आणि भरताना स्वतः हौद्याजवळ उभे राहा.

करप्याच्या फवारणीचा सल्ला उद्या सकाळी पाठवतो.