खाली अमेरिका, वर लंडन

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी 1930च्या दशकाच्या मध्यावर एक ड्यूझेनबर्ग घेतली. चॅसिस अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची, इंजिनही अमेरिकेतलंच, बॉडी मात्र लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली. केशरी-काळा रंग, लांबलचक बॉनेट, मागे निमुळती होत गेलेली शेपटी आणि बसायला जागा दोघांपुरतीच. जुन्या आलिशान गाड्यांच्या संग्राहकांत अमेरिकन सरस की ब्रिटिश, हा वाद रंगला की मला हीच गाडी आठवते. त्या काळी बड्या कंपन्या बहुतेकदा नुसती चॅसिस विकत. बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घेई. त्यामुळे हा प्रश्न एकाच गाडीला दोनदा विचारावा लागतो.

इंजिनाच्या ताकदीत अमेरिका पुढे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. 1928च्या ड्यूझेनबर्ग मॉडेल जेची ताकद कंपनी 265 अश्वशक्ती सांगे; सुपरचार्जर लावला की 320. रोल्स-रॉइस आकडा जाहीरच करत नसे. पण चालकाच्या जागेवरून बघा. ड्यूझेनबर्गच्या डॅशबोर्डवर उंचीमापक, स्टॉपवॉच, ब्रेकचा दाब दाखवणारा काटा. ऑइल बदलायची वेळ झाली की आठवणीचा दिवा लागतो. रोल्स-रॉइसच्या फँटम गाडीत स्टिअरिंगच्या मधोमध छोट्या दांड्या असतात. एक स्पार्क पुढे-मागे करायची, एक मिश्रण कमी-जास्त करायची. कान इंजिनाकडे लावून बोटांनी जुळवत जायचं. हे जुळवणं मला फार प्रिय आहे.

होळकरांच्या गाडीच्या नेमकं उलट घडलं ते मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला. 1921 ते 1931 रोल्स-रॉइसने तिथे कारखाना चालवला. सुमारे 1,700 सिल्व्हर घोस्ट तिथे बनल्या, नंतर फँटम. आधी उजवीकडे असलेलं स्टिअरिंग पुढे अमेरिकन रस्त्यांसाठी डावीकडे आलं. बॉडी बऱ्याचदा न्यूयॉर्कच्या ब्रूस्टरची. ती कंपनीच पुढे रोल्स-रॉइसच्या अमेरिकी शाखेने विकत घेतली. अशा गाडीला ‘खरी रोल्स नव्हे’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

किमतीचं म्हणाल, तर 2018मध्ये अभिनेता गॅरी कूपरची 1935ची ड्यूझेनबर्ग एसएसजे लिलावात 2 कोटी 20 लाख डॉलरला गेली. अशा दोनच बनल्या होत्या. दुसरी क्लार्क गेबलकडे होती.

मात्र चॅसिसवरची बॉडी बोल्ट काढून उतरवता येते, आणि खरी गोम तिथेच आहे. उघड्या गाडीला भाव जास्त, म्हणून कित्येक चॅसिसवरच्या बंद बॉडी उतरवून उघड्या चढवल्या गेल्या. त्यामुळे गाडी बघायला गेल्यावर रंगाच्या झळाळीकडे नंतर बघावं. आधी चॅसिस आणि इंजिनाचे क्रमांक कागदांशी ताडावेत, मग दार उघडून खाली उंबऱ्यापाशी वाकावं. बॉडी बांधणाऱ्याच्या नावाची पितळी पट्टी बहुधा तिथेच असते. ती नसेल तर निदान स्क्रूची जुनी भोकं तरी दिसतात का, ते बघावं.