पहिला पगार आणि घरचा टीव्ही

कमिशन मिळाल्यावर पहिल्या पगारातून घरी काय न्यायचे, हा विषय निघाला की मराठी कॅडेट्सची दोन उत्तरे हमखास येतात: आईला साडी आणि घराला मोठा टीव्ही. साडी आई स्वतः निवडेल. टीव्हीच्या बाबतीत मात्र सगळे आपल्याकडे बघतात. सुटीच्या दिवशी टी. नगरच्या एखाद्या शोरूममध्ये शिरलो, की एलईडी, क्यूएलईडी, मिनी-एलईडी, ओएलईडी अशी नावे कानांवर आदळतात आणि किमती दुपटी-तिपटीने बदलतात. गोंधळ टाळायला एकच प्रश्न पुरतो: पडद्यावरचा प्रकाश येतो कुठून?

मद्रास दूरदर्शन केंद्र १५ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाले, तेव्हा टीव्ही म्हणजे पिक्चर ट्यूबचे जड खोके असे. तमिळनाडू सरकारने २००६ पासून वाटलेले मोफत रंगीत टीव्हीही ट्यूबचेच होते. ट्यूब गेली आणि सपाट पडद्याचे दोन घराणे उरले.

पहिले घराणे एलसीडीचे. यात मागे पांढरा दिवा सतत जळतो. पुढे द्रवस्फटिकांचा थर असतो. विजेच्या इशाऱ्यावर तो खिडकीच्या झडपेसारखा प्रकाश अडवतो किंवा सोडतो, आणि लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांतून रंग मिळतो. पूर्वी मागे बारीक ट्यूबलाइट असत, आता एलईडी दिवे असतात. म्हणजे दुकानातला ‘एलईडी टीव्ही’ हा मुळात एलसीडीच आहे; बदलला तो फक्त दिवा. ‘क्यूएलईडी’ही बहुधा याच घराण्यातला. त्यात क्वांटम डॉट्सचा थर घातल्याने रंग अधिक शुद्ध दिसतात. याच कणांच्या शोधाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

या घराण्याची कमजोरी म्हणजे काळा रंग. झडप पूर्ण बंद होत नाही, म्हणून रात्रीच्या दृश्यात काळे राखाडी दिसते. मिनी-एलईडीमध्ये मागचे दिवे शेकडो लहान गटांत विभागतात आणि गरज नसलेला गट मंद करतात. काळे बरेच सुधारते, तरी काळ्या आकाशातल्या चंद्राभोवती कधी पुसट वलय दिसते.

दुसऱ्या घराण्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. प्लाझ्मा टीव्ही याच जातीचा होता. चित्र देखणे, पण वजन, उष्णता आणि विजेचा खप जास्त. २०१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी त्याचे उत्पादन थांबवले. आज ती जागा ओएलईडीने घेतली आहे. त्यात सेंद्रिय पदार्थाचा थर वीज मिळताच उजळतो. ठिपका बंद केला की तिथे खरा काळोख. बाजूला बसणाऱ्यालाही रंग जवळजवळ तेच दिसतात.

मग सगळ्यांनी ओएलईडीच घ्यावा का? नाही. त्याचे ठिपके वापरानुसार झिजतात. एकच वृत्तवाहिनी रोज दिवसभर लावली, तर तिचे बोधचिन्ह आणि खालची बातम्यांची पट्टी यांची सावली कायमची उमटू शकते. आजोबा सकाळपासून बातम्या बघत असतील, किंवा टीव्ही मेसच्या अँटे-रूममध्ये लावायचा असेल, तर ओएलईडी टाळावा. भर दुपारी उघड्या खिडक्यांच्या उजेडातही चांगला मिनी-एलईडी सहसा सरस ठरतो. रात्री दिवे मालवून चित्रपट बघणाऱ्या घरात मात्र ओएलईडीला तोड नाही.

एलसीडी घेताना पॅनलचा प्रकार विचारावा. आयपीएस पॅनल बाजूनेही नीट दिसते. व्हीए पॅनलचा काळा अधिक गडद, पण बाजूने रंग फिके पडतात. क्रिकेटच्या दिवशी भिंतीलगत दहा माणसे बसणार असतील, तर आयपीएस बरे.

आता अंतर. फायरिंग रेंजवर आपण कोनाचे मिनिट शिकतो: १०० मीटरवर सुमारे ३ सेंटीमीटर. निरोगी डोळ्याला साधारण एवढ्याच कोनाइतका बारकावा वेगळा दिसतो. ४३ इंची फुल एचडी पडद्यावर ठिपका सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणून साडेपाच फुटांपलीकडे तो डोळ्याला सुटा दिसत नाही. सोफा आठ फुटांवर असेल, तर या आकारात केवळ ‘४के’साठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. ५५ इंचीत ही सीमा सुमारे सात फूट येते.

शोरूममधल्या झगमगाटावरून निर्णय घेऊ नका. तिथले टीव्ही भडक सेटिंगवर लावलेले असतात, आणि आपल्या बैठकीच्या खोलीत तसा उजेड नसतो. आधी घरी फोन करा. सोफ्यापासून भिंतीपर्यंतचे अंतर बाबांना मोजायला सांगा; दुपारी पडद्यावर ऊन येते का आणि दिवसभर काय लावलेले असते, हे आईला विचारा. शक्यतो टीव्ही गावाजवळच, सर्व्हिस सेंटर असलेल्या ठिकाणी घ्या. गाडीतून नेताना खोका उभाच ठेवा. आडव्या खोक्यावर सामान पडले तर काच तडकते. बदल्यांच्या नोकरीत हा शेवटचा नियम आपल्याला पुन्हा पुन्हा लागणार आहे.

सर्वांत महागडा टीव्ही घरी नेलाच पाहिजे असे नाही. आई-बाबा जिथे बसतात, तिथून त्यांना स्पष्ट दिसेल असा न्यावा.